पंखा थांबेपर्यंत

इकबाल,

येत्या रविवारी तालमीच्या वरच्या हॉलमध्ये पडदा पुन्हा लावायचा, असं गल्लीनं ठरवलं आहे. तुझ्या आठवणीसाठी. भाषणं नकोत, फोटोला हार नको, इकबालला आवडायचं तसलं काहीतरी रंगीत आणि दणदणीत लावा, असं शांताक्कांनी सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, आणि प्रोजेक्टर जुळवण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ते काम निम्मं माझं होतं, निम्मं तुझं. आता पूर्ण माझं झालं आहे, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं.

कारण त्या यंत्रात तू राहिला होतास. रेहाना वहिनींनी तुझ्या दुकानातून ती लाल रेक्झिनची पिशवी माझ्याकडे पाठवली. मी यंत्र बाहेर काढलं, घरच्या भिंतीवर लावलं, आणि समोर जो निळा चौकोन उमटला तो उजवीकडे कललेला होता. रंग भडक. आवाज शेवटच्या टोकाला. चारही कोपरे एकेक करून ओढलेले. शेवटच्या आठवड्यांत तुला जे सरळ दिसत होतं, ते तिथं जसंच्या तसं होतं. आणि रविवारी लोक समोर बसणार म्हणजे ते मी पुसायचं होतं.

त्याआधी मला एक वाक्य बोलायचं होतं. पडद्याची तुझी शिवण सरळ होती, आणि ती सरळ आहे हे ठाऊक असूनही मी तिला तिरकी म्हणालो. हे वाक्य तुला सांगायला हवं होतं. तुला सांगता आलं नाही, तर निदान वहिनींना. ते अजून कुणाच्या कानापर्यंत पोचलेलं नाही. म्हणून लिहितो आहे.

गगनबावड्याच्या शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवून मी या गल्लीत परत आलो, तेव्हा मला इथं ओळखणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. स्कूटरची गादी फाटली म्हणून तुझ्या दुकानात आलो. तू पायमशीनवर वाकलेला होतास. मी काय हवं ते सांगितलं. तू मशीन थांबवलंस.

"काय म्हनला पावणं?"

मी पुन्हा सांगितलं.

"आवाज घरात ठिवून आलाय व्हय? मोठ्यानं बोला की! गादी शिवायची हाय, बाळ न्हाय झोपवायचं."

दुकानात बसलेले दोघेतिघे हसले. मला राग यायला हवा होता; आला नाही. कित्येक दिवसांत माझ्याशी कुणी चेष्टेनं बोललं नव्हतं. गादी घ्यायला गेलो तेव्हा मी विज्ञानाचा मास्तर आहे हे तुला कळलं, आणि त्या दिवसापासून मी 'मास्तर' झालो. "गगनबावड्याच्या धुक्यात ऱ्हाऊन ऱ्हाऊन आवाज इरलाय ह्येचा," असं तू माझी ओळख करून देताना सांगायचास. माणसात परत येण्यासाठी मला तुझ्यासारख्या मोठ्या आवाजाच्या माणसाची गरज होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मोठ्यानं बोल.

प्रोजेक्टर तालमीनं फुटबॉलचे सामने दाखवायला घेतला होता. हंगाम संपला की तो कपाटात पडून असायचा. "यंत्र पडून ऱ्हायलं की गंजतंय, आणि म्हातारी माणसंबी," असं म्हणून तू रविवारच्या संध्याकाळी सिनेमे लावायची कल्पना काढलीस. यंत्रासाठी उरलेल्या रेक्झिनची पिशवी शिवलीस, लाल, पांढऱ्या गोटाची, अगदी एखाद्या नव्या मोटारीच्या गादीसारखी. पाठोपाठ पडदा शिवलास. जाड पांढरं कापड, चारी बाजूंनी चार बोटं रुंदीची काळी पट्टी. चित्र त्या पट्टीच्या आत नेमकं बसलं पाहिजे, हा तुझा हट्ट. पट्टी इतकी सरळ होती, की मी पहिल्यांदा पडदा उलगडला तेव्हा तिच्यावरून बोट फिरवत राहिलो. तू माझ्याकडं बघत होतास. मी काहीतरी चांगलं बोलेन अशी तुझी अपेक्षा असावी. मी म्हणालो, "ठीक आहे." तू म्हणालास, "ठीक? आरं, ह्येच्यावरनं विमान उडंल!"

आपली भांडणं त्या दिवसापासूनची. तुला रंगांची 'व्हिव्हिड' ही तऱ्हा हवी असायची, मला 'सिनेमा'. तुझ्या मते माझ्या तऱ्हेत सगळा सिनेमा आजारी दिसायचा. "मास्तर, लाल म्हटलं की लाल दिसलं पायजे. ह्यो काय वरणभात हाय व्हय?" मी समजावून सांगायचो, की दिग्दर्शकानं जसं पाहिलं तसं आपण दाखवायला हवं, आपल्याला आवडेल तसं नव्हे. तू ऐकून घ्यायचास, मान डोलवायचास, आणि मी चहाला खाली उतरलो की बटण दाबायचास. मी परत येईपर्यंत नायिकेचे गाल पेटलेले असायचे. पुढच्या रांगेतून शांताक्का ओरडायच्या, "आरं बाबांनू, ही बाई घटकेत कावीळ झाल्यागत दिसतीया, घटकेत मिरची खाल्ल्यागत. एकदा काय ते ठरवा की!"

आपण कधीच ठरवलं नाही. आज मागं वळून पाहताना वाटतं, तेच बरं होतं. रिमोट तुझ्या हातातून माझ्याकडं आणि माझ्या हातातून तुझ्याकडं जात राहिला, तोवर सगळं ठीक होतं.

आवाजावरूनही तेच. सुरुवातीला आपण बिनतारी स्पीकर जोडला होता. पडद्यावरच्या माणसाचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. हॉलभर हशा. तू उभा राहून जाहीर केलंस, "मंडळी, ह्यो सिनेमा आपल्या मास्तरागत हाय. तोंड आज हलतंय, आवाज उद्या येतोय." मी यंत्राच्या मेनूतल्या याद्या शोधत बसलो. आवाज थोडा उशिरा सोडण्याची सोय त्यात होती. लवकर सोडण्याची नव्हती. ते मी तुला समजावून सांगितलं, तसा तू डोकं खाजवत म्हणालास, "म्हंजे उशीर वाढवता येतोय, कमी न्हाय करता येत?" शेवटी तू बाजारातून लांबलचक तार आणलीस, भिंतीच्या कडेनं खिळे ठोकून स्पीकरपर्यंत नेलीस, आणि ओठ नि शब्द एकत्र आले.

आणि कोथिंबीर. ती तर मी कशी विसरेन? लॅपटॉपऐवजी तुझ्या फोनवरून गाणी लावायचा तू हट्ट धरलास, स्रोत बदललास, आणि ऐन भरल्या हॉलमध्ये तुझा अख्खा फोन भिंतीएवढा होऊन पडद्यावर आला. त्याच क्षणी वहिनींचा निरोप उमटला: येताना कोथिंबीर आणा, कालच्यासारखी पिवळी नको. पाटीएवढ्या अक्षरांत. त्यानंतर कधीही स्रोत हरवला, पडदा निळा पडला आणि यंत्र सिग्नल शोधू लागलं, की हॉलमधून एकच गलका व्हायचा: "इकबालभाई, कोथिंबीर!" तू यंत्राला थोपटत म्हणायचास, "हुडीक बाबा, हुडीक."

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो शेवट. सिनेमा संपायचा, लोक जिने उतरून जायचे, आपण दिवा बंद करायचो, आणि यंत्राचा पंखा चालू राहायचा. आतला दिवा तापलेला असतो. तो निवेपर्यंत पंखा फिरत राहतो आणि तोवर वायर काढायची नसते. हा नियम मी सांगितला होता, पाळायला तू लावलास. त्या अंधाऱ्या हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर आपण गप्प बसायचो. एरवी एक क्षण गप्प न बसणारा तू तेव्हा एक शब्द बोलायचा नाहीस. पंख्याचा आवाज हळूहळू बारीक व्हायचा, थांबायचा, आणि मग तू म्हणायचास, "हां, काढ आता." मी वायर काढायचो. तू म्हटल्याशिवाय मी ती कधी काढली नाही. माझ्या आठवड्यातली सर्वांत निवांत वेळ ती होती. तुझीही असावी. तेही विचारायचं राहिलं.

या हिवाळ्यात तू चित्र तिरकं आहे म्हणू लागलास. पहिल्यांदा मला वाटलं, नवीन खोडी. तू मेनूतल्या कोपऱ्यांच्या यादीत शिरायचास, वरचा डावा कोपरा ओढायचास, मग खालचा उजवा, आणि चित्र उजवीकडे कलायचं. मी ते सरळ करायचो. तू पुन्हा कलवायचास. "मास्तर, डावीकडं घसरतंय की रं चित्र. तुला दिसत न्हाय?" मी म्हणायचो, "नाही घसरत." लोकांना आपल्या भांडणांची सवय होती. ते हसायचे. पण तू हसत नव्हतास, इकबाल. हे मी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

तो रविवार. मी इथल्या शाळेच्या प्रयोगशाळेतून ओळंबा मागून आणला होता. खिशात घालून, आधी ठरवून. याचा विचार मी गेले कित्येक दिवस करतो आहे. तुला खरं काय ते कळावं म्हणून मी तो आणला की सगळ्यांसमोर एकदाचं सिद्ध व्हावं म्हणून? दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि दुसरं जास्त खरं आहे. मी स्टुलावर चढलो. पडद्याच्या वरच्या काठाला दोरा अडकवला. वजन झुललं, स्थिर झालं. चित्राची कड दोऱ्याला समांतर होती. तुझी काळी पट्टीही दोऱ्याला समांतर होती. केसाचाही फरक नव्हता. ते मी डोळ्यांनी पाहिलं, बोटानं तपासलं.

"बघितलंस?" मी म्हणालो.

तू पुढं आलास. दोरा बघितलास, चित्र बघितलंस. मान एका बाजूला कलवलीस, मग दुसऱ्या. "दोराच तिरका हाय," तू म्हणालास.

हॉल फुटला. शांताक्कांचा आवाज सगळ्यांच्या वर. "इकबाल्या, चष्मा लाव मुडद्या! दोरा कुटं तिरका असतोय?" मागून कुणी म्हणालं, "आज कोथिंबिरीत काय मिसाळलं हुतं?" त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्यातला प्रत्येक जण पुढं तुझ्या जनाज्याला खांदा द्यायला आला. पण त्या क्षणी तुझा चेहरा मी जवळून पाहिला. त्यावर राग नव्हता. भीती होती. आपल्याला जे दिसतं ते जगात नाही, हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येते ती.

तिथं मी थांबायला हवं होतं. सगळ्यांना सांगायला हवं होतं, की थांबा, हा माणूस चेष्टा करत नाही. हात धरून तुला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. ज्याला ओळंब्याचा दोरा तिरका दिसतो त्याचं काहीतरी बिघडलं आहे, हे मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. त्याऐवजी मी माझ्या स्वभावाला शोभेल तेच केलं. तुला सांभाळून घेतलं. अगदी हळू, प्रेमळ आवाजात म्हणालो, "डोळ्यांना काही झालेलं नाही तुझ्या. पडद्याची शिवण जरा तिरकी गेली असेल, त्यामुळं तसा भास होतो."

तू पट्टीकडं बघितलंस. खूप वेळ. "शिवण?" एवढंच म्हणालास.

"असेल," मी म्हणालो, आणि रिमोट खिशात टाकला.

मी मोठ्यानं भांडलो असतो, तुला वेडा म्हणालो असतो, तर तूही भांडला असतास. तू रात्रीच्या जेवणाला तेच घेऊन बसला असतास, वहिनी वैतागून तुला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या असत्या. मी सौम्य बोललो. माझ्या सौम्यपणाला आयुष्यभर लोक चांगुलपणा म्हणत आले, आणि मीही म्हणू दिलं. संध्याकाळ बिघडू नये म्हणून केलेली ती एक सोय आहे, हे मला त्या दिवशीही आतून ठाऊक होतं. मी एक खोटी गोष्ट इतक्या मृदूपणे तुझ्या हातात ठेवली, की तू ती घेतलीस.

सिनेमा संपला. लोक गेले. पंखा चालू होता आणि आपण दोघं उरलो होतो. मला तो अंधार सोसवेना. काम आहे म्हणालो आणि उठलो. जिन्याच्या वळणावर असताना वरून पंखा थांबल्याचं कळलं, आणि तुझा आवाज आला, सवयीनं, नेहमीसारखा: "हां, काढ आता."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवून खाली उतरलो.

पिशवी नेहमीप्रमाणे तू दुकानात नेलीस. पुढच्या रविवारी निरोप आला, काम लई हाय. त्याच्या पुढच्या रविवारी तोच निरोप. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. दुकानावरून जाताना मी पलीकडच्या बाजूनं जायचो. मग एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तू कोसळलास, आणि डोक्यातली गाठ सापडली, सापडली तेव्हा हाती काही उरलेलं नव्हतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर वहिनींना म्हणाले, "यांना बरेच दिवस सरळ गोष्टी तिरक्या दिसत असणार. कुणाला काही बोलले होते का?" वहिनी म्हणाल्या, "न्हाय हो, कुणालाच न्हाय." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. हातात औषधांची पिशवी होती. मी ती या हातातून त्या हातात घेतली.

एका दुपारी तुझे डोळे उघडे होते. तू छताकडं, ट्यूबलाइटकडं बघत होतास, आणि तुझं बोट चादरीवर हलत होतं. वर, वर, डावीकडं. पुन्हा वर. नर्सला ती नुसती थरथर वाटली. मला कळलं, तू रिमोटचे बाण दाबत होतास. दवाखान्याचं छत सरळ करत होतास. मी तुझं बोट हातात धरलं, आणि मग वाटलं, आपण तेही करू देत नाही आहोत. सोडलं. तोवर ते थांबलं होतं.

कबरस्तानात सगळ्यांबरोबर मीही माती दिली. खरं सांगायचं तर तिथंही मी खड्ड्याच्या कडा डोळ्यांनी ताडत होतो, सरळ आहेत की नाही. त्या क्षणी मला माझ्या डोळ्यांची शिसारी आली.

काल दुपारी वहिनी हॉलवर आल्या. मी पडदा बांधून यंत्र लावत होतो. निळा चौकोन पडद्यावर पडला होता, उजवीकडे कललेला, एक कोपरा तुझ्या काळ्या पट्टीवर चढलेला. त्या दारातच थांबल्या.

"भाऊजी, ह्ये असंच हुतं व्हय? शेवटाला दुकानात भिंतीवर लावून बसायचे. नुसती बटणं दाबत. मी म्हनलं, सिनेमा तरी लावा. तर म्हनले, थांब, आधी सरळ हुऊ दे."

मी मान हलवली. त्या तुझ्या खुर्चीत बसल्या.

"एका गाडीच्या गादीची शिवण तीनतीनदा उसवली ह्यांनी. गिऱ्हाईक बोंबलत हुतं. मी म्हनलं, डोळं तपासून या. तर मलाच वरडले. म्हनले, डोळ्याला काय धाड भरलीया? मास्तर म्हनलाय, शिवणच चुकतीया. हातच गेला माझा आता, म्हनले." वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "हातच गेला म्हनायचे आणि मशीनवर बसून ऱ्हायचे. लई भ्यालते हो."

तेव्हा बोलायला हवं होतं. समोर पडदा होता, त्यावर तुझी पट्टी होती, सरळ, दोऱ्याला समांतर. बोट दाखवून सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ह्ये त्यांनी सरळ केल्यालं. म्हंजे ही सुलटी बाजू झाली. मग आपलं सरळ त्यांना कसं दिसत हुतं? ती उलटी बाजू दावा की मला."

शिवणकाम करणाऱ्याच्या घरात जन्म गेलेल्या बाईनं एका वाक्यात ते विचारलं. तू जेवढं उजवीकडं कलवलं होतंस तेवढं तुला आमचं सरळ चित्र डावीकडं कललेलं दिसत असणार. मी कोपऱ्यांच्या यादीत गेलो आणि बाण दाबू लागलो. एकेक कोपरा उलट बाजूला. निळा चौकोन सरळ झाला, मग सरळपणा ओलांडून डावीकडं झुकत गेला. पट्टीच्या आत तो घसरत्या पाटीसारखा दिसू लागला. वहिनींनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"सगळंच घसरतंय," त्या म्हणाल्या. मग, "ह्यात बसून हसवत हुते सगळ्यांस्नी."

तेवढंच. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बंद करा भाऊजी."

मी बंद केलं. पडदा काळोखात गेला आणि पंखा घोंघावत राहिला. मी म्हणालो, "वहिनी, शिवण सरळ होती. मला माहीत होतं." म्हणालो, शपथेवर सांगतो, म्हणालो. पण माझ्याच आवाजात, आणि पंखा चालू असताना.

"काय म्हनला?"

"काही नाही," मी म्हणालो. "पंखा थांबू दे म्हटलं."

त्या स्वयंपाकाचं म्हणून जिना उतरून गेल्या. त्या गेल्यावर मला कळलं, की मी काय केलं आहे. या यंत्राला कोपऱ्यांची एकच आठवण राहते. नवी ठेवली की जुनी जाते. वहिनींना तुझं दिसणं दाखवण्यासाठी मी तुझे कोपरे ओढले, आणि त्याबरोबर तू ठेवलेलं सगळं पुसलं गेलं. आकडे दिसत असते तर टिपून ठेवले असते. या यादीत आकडे नाहीत, नुसते बाण आहेत. फोटो तरी काढायला हवा होता. प्रत्येक गोष्ट मोजून करणाऱ्या मला ते सुचलं नाही. रविवारी पुसायचं की ठेवायचं, या विचारात मी आठवडाभर झोपलो नाही, आणि शेवटी पुसलं ते नकळत, तुझ्याच माणसाचं मन राखताना.

मी यंत्र पुन्हा सुरू केलं. तुझा कल परत आणायचा प्रयत्न केला. थोडं उजवीकडं, अजून थोडं, हा कोपरा खाली, तो वर. तुझ्या खुर्चीत बसून पाहिलं. मान कलवून पाहिलं. प्रत्येक वेळी वाटलं, इतकं होतं. आणि प्रत्येक वेळी वाटलं, नव्हे. तिरकेपणाची अशी अगणित चित्रं असतात, आणि त्यातलं कोणतं तुझं, हे सांगायला तुझेच डोळे लागले असते. शेवटी हात दुखून आले, तेव्हा मी चौकोन तुझ्या पट्टीला जुळवला. सरळ. चारी बाजूंनी नेमका. एवढं जुळवणं मला नेहमीच येत होतं.

रविवारी लोकांना चित्र सरळ दिसेल. रंग मी 'व्हिव्हिड'वर ठेवले आहेत. शांताक्का ओरडतील, ओरडू देत. आणि सिनेमा सुरू होण्याआधी, यंत्र चालू करण्याच्याही आधी, पंख्याचा आवाज नसताना, मी पडद्यापाशी उभा राहून ते वाक्य म्हणणार आहे. वहिनी पुढच्या रांगेत असतील. इकबालचा हात शेवटपर्यंत गेला नव्हता, ही शिवण सरळ आहे, आणि तिला तिरकी मी म्हणालो होतो, ठाऊक असून. माझा आवाज कुठवर पोचेल हे मला माहीत नाही. पोचला तरी तू जिथं बसायचास तिथं आता त्याची गरज असलेलं कुणी नाही. उशीर वाढवता येतो, कमी करता येत नाही. हे तुला मीच शिकवलं होतं.

काल मी यंत्र बंद केलं, हॉलमधला दिवा मालवला आणि आपल्या दोन खुर्च्यांपैकी माझ्या खुर्चीत बसलो. त्या रविवारी अर्धवट सोडून गेलो होतो ते पूर्ण करायला. पंखा फिरत होता. हळूहळू बारीक झाला, खाली गल्लीतली भांडी आणि माणसं ऐकू येऊ लागली, आणि मग तो थांबला.

मी वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. कुणी काही म्हणालं नाही.

वायर अजून तशीच आहे.